विसरभोळा ब्राउझर

जयसिंगराव थोरव्यांना समोर लिहिलेलं काहीही मोठ्यानं वाचायची सवय होती. रस्त्यानं चालताना ते दुकानांच्या पाट्या वाचत, लग्नात अहेराच्या पाकिटांवरची नावं वाचत. त्यामुळे त्या दिवशी वाचनालयाच्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी शोधायच्या जागेत नुसतं 'चौ' टाईप केलं आणि खाली एक ओळ उमटली, तेव्हा तीही त्यांनी खणखणीत आवाजात वाचली.

"चौसष्टाव्या वर्षी पुन्हा लग्न करता येते का."

वाचनकक्षात सात-आठ माणसं होती. पेपरांची सळसळ एकदम थांबली.

"हे मी लिहिलेलं नाही," जयसिंगराव घाईघाईनं म्हणाले. "मला चौथरा लिहायचं होतं. संस्थापकांच्या पुतळ्याचा चौथरा. बाई, इकडे या. हे काय आहे?"

बाई म्हणजे मी. वैजयंती सावरडेकर, सोनवळ्याच्या ज्ञानोदय वाचनालयाची ग्रंथपाल. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते, बिनलग्नाची होते आणि आईबरोबर राहत होते. या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली.

मी जाऊन पाहिलं. त्या ओळीच्या डाव्या बाजूला घड्याळाचं बारीक चिन्ह होतं.

"हे आधी कुणीतरी इथे बसून शोधलंय, साहेब. ब्राउझर ते लक्षात ठेवतो."

"ब्राउझर म्हणजे?"

"ज्यातून आपण इंटरनेट बघतो ती खिडकी."

"खिडकी लक्षात ठेवते?"

"ही ठेवते."

"मग कुणी शोधलं तेही सांगेल की!"

"माणसाचं नाव तिला माहीत नसतं."

"म्हणजे निम्मंच सांगणार. ही तर आमच्या धाकट्या मेव्हण्यासारखी झाली." जयसिंगराव खुर्चीतून उठले. ते आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष होते आणि चौथऱ्याचं विसरून गेले होते.

संध्याकाळपर्यंत ती ओळ गावात पोचली. सोनवळ्यातल्या चौसष्ट वर्षांच्या पुरुषांचे पुढचे दिवस काही बरे गेले नाहीत. किराणा दुकानदार बलदोट्यांनी तर कुणी विचारलं नसताना गल्ल्यावरून तिघांना सांगितलं, "मला मार्चमध्येच पासष्टावं लागलं."

पण खरा फटका बसला तो आमच्या कॉम्प्युटरला. रोज त्या खुर्चीसाठी नंबर लागायचे. मुलं अर्ज भरायला यायची, बायका आजारांची माहिती बघायला यायच्या, एक जण तर नुसता मुलाच्या गावाचा नकाशा बघून जायचा. आता खुर्ची रिकामी पडली. शिवणवर्गाच्या एक बाई आल्या, पाच मिनिटं बसल्या, आणि उठताना मला हळूच म्हणाल्या, "वैजूताई, मी थायरॉइडचं बघितलं. हे पण आता अध्यक्ष वाचणार का हो?"

मी नाही म्हटलं. पण त्या पुन्हा काही आल्या नाहीत.

सोमवारी कमिटीची सभा झाली. कमिटीत सात नावं होती, सभेला तिघं यायची. एक जयसिंगराव. दुसऱ्या माणिकताई रेंदाळकर, कन्याशाळेच्या निवृत्त चित्रकला शिक्षिका. तिसरे टिळेकर मास्तर, आमच्या गावचे जुने पोस्टमास्तर. उंच, काटक, पांढरा सदरा, आणि सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून विजारीच्या एका पायाला लावलेली क्लिप. ती ते सभेतही काढत नसत. त्यांच्या पत्नीला जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दर गुरुवारी दुपारी मी अंथरुणाला खिळलेल्या वाचकांकडे पुस्तकांची पिशवी घेऊन जायची, तेव्हा दीड तास मास्तर काउंटर सांभाळत.

"संस्थेच्या यंत्रावर असले विषय चालणार नाहीत," जयसिंगरावांनी सुरुवात केली. "बाई, कोण होतं ते शोधून काढा."

"काढून काय करणार?" माणिकताईंनी विचारलं.

"समज देणार."

"चौसष्टाव्या वर्षी समज द्यायची? तोवर यायची तेवढी आलेली असते."

जयसिंगरावांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

"तेहतीस वर्षं मी या गावाची पत्रं हाताळली," ते म्हणाले. "कुणाचा मुलगा घरी पत्र टाकत नाही, कुणाला कोर्टाची नोटीस येते, कुणाला मुंबईहून कुणाचं पत्र येतं, मला सगळं ठाऊक होतं. माझ्या बायकोला सुद्धा मी कधी सांगितलं नाही. ती रागवायची. म्हणायची, तुमच्याशी लग्न करून मला गावातलं काही कळतच नाही." त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. "माणूस त्या यंत्राला काय विचारतो? घरात ज्याची सोय नसते ते विचारतो. ते पाकीट बंद राहिलं पाहिजे. वैजयंती, न सांगणारं यंत्र मिळतं का?"

"यंत्र तेच चालेल, मास्तर. ब्राउझर बदलता येईल. काही ब्राउझर बंद केले की सगळं विसरतात."

"तो आण."

"आणा," जयसिंगराव म्हणाले. "पण त्याआधी या जुन्याकडून माणूस काढून घ्या. आठ दिवस देतो."

सभा संपल्यावर मी कामाला लागले. कॉम्प्युटरचा कोर्स मी केला होता, पण ब्राउझर हा निवडायचा असतो हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. यंत्राबरोबर जो आला तो आपला, असंच चाललं होतं. मी तीन उमेदवार ठरवले. एक आमचा जुना. दुसरा फारच सोवळा निघाला. तो इतकं अडवायचा की परीक्षेचे अर्जही उघडेनात, आणि मराठी जोडाक्षरं तोडून दाखवायचा. तिसरा मात्र मला पाहताक्षणी आवडला. नाव-पत्ता मागत नव्हता, जाहिराती हाकलून लावत होता, बंद केला की पाटी कोरी करत होता. आणि हवा तसा मांडता येत होता. बटणं इकडची तिकडे करा, रंग बदला, अक्षर मोठं करा, पहिल्या पानावर आपल्याला हवं तेच ठेवा. मी तासभर नवं घर लावल्यासारखी त्यात रमले.

मग जुन्याची साठवण पुसून टाकायला मी आधी शोधलेल्या गोष्टींची यादी उघडली. खरं सांगते, पुसण्यासाठी उघडली असं मी स्वतःला सांगितलं. पुसायला यादी वाचावी लागत नाही. मी वाचली.

गुरुवार, चार वाजून बारा मिनिटं. चौसष्टाव्या वर्षी पुन्हा लग्न करता येते का.

त्याच्या खाली: नोंदणी विवाह कागदपत्रे.

त्याच्या खाली: विवाह नोंदणी साक्षीदार किती.

मला हसू येत होतं. कुणीतरी मनावर घेतलं होतं बुवा. मी पुढे वाचलं.

मोठ्या मुलीला कसे सांगावे.

अविवाहित मुलगी एकटी राहणे सुरक्षित आहे का.

आणि चार सत्तेचाळीसला, शेवटची ओळ: ढोकळा फुगत नाही काय करावे.

त्या गुरुवारी जेवायला मी काय खाल्लं होतं ते मला आठवलं. आईनं केलेला ढोकळा. पाटासारखा चपटा.

तरीही मी नोंदवही काढली. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यानं नाव आणि वेळ लिहायची, असा आमचा नियम होता. गुरुवारच्या पानावर आईचं वळणदार अक्षर होतं. कुमुदिनी सावरडेकर, चार दहा ते चार पन्नास. शेजारी मास्तरांची सही. नियमाला ते इतके पक्के, की आईकडूनसुद्धा त्यांनी नाव लिहून घेतलं होतं.

मी वही मिटली. बाबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आईनं शिकवण्या घेऊन घर चालवलं. ती लग्नाचा विचार करते याचं मला धक्का बसण्याइतकं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की ती माझ्याशी नाही, माझ्या ऑफिसातल्या यंत्राशी बोलली. मला कसं सांगावं हे तिनं त्याला विचारलं! रोज रात्री आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवत होतो. मीठ जास्त झालं, हे सुद्धा एकमेकींना सांगत होतो.

घरी गेले तर आई शेंगा सोलत बसली होती.

"आलीस? चहा टाकू?"

"तुला काही सांगायचंय का?" मी विचारलं.

"हो." ती थांबली. "दूधवाला उद्यापासून उशिरा येणार आहे."

आईचं वय अठ्ठावन्न. म्हणजे चौसष्ट वर्षांचा दुसरा कुणीतरी होता. मी हे सांगायला नको, पण कथा सांगायला घेतली आहे तर सांगते. दुसऱ्या दिवशी मी सभासदांची कार्डं काढली आणि जन्मसाल बघत बसले. कमिटीवाल्यांची कार्डं वेगळ्या खणात असत, ती काढायचं माझ्या मनातही आलं नाही. लग्न झालेले बाजूला काढले. हातात एकच कार्ड राहिलं. निवृत्त वनअधिकारी खटावकर. विधुर. मिशा काळ्याकुळकुळीत रंगवलेल्या, आणि बोलताना समोरच्याला वाघ दिसल्यासारखे डोळे करणारे.

नशीब असं, की ते त्याच दुपारी आले.

"नमस्कार. तुमच्या आई बऱ्या आहेत ना?"

"का?" मी विचारलं.

"नाही, परवा बाजारात भेटल्या. गुडघ्याचं म्हणत होत्या."

"त्यांचे गुडघे उत्तम आहेत."

खटावकर जरा मागे सरले. "बरं. मला पाककृतीचं एखादं पुस्तक द्याल का? एकटा माणूस, करून घ्यावं लागतं. ढोकळ्याबिकळ्याचं काही असेल तर..."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं असणार, की त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

"पाककृतीची सगळी पुस्तकं बांधणीला गेली आहेत," मी म्हटलं. त्यांच्या डाव्या हाताला पूर्ण कपाट भरून होती. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाघ नसलेल्या वाटेनं निघून गेले.

ते गेल्यावर टेबलावर पसरलेली कार्डं मी पाहिली. लोकांनी ती पुस्तकं नेण्यासाठी भरून दिली होती. मी ती कशासाठी काढली होती? जयसिंगराव निदान मोठ्यानं तरी वाचत होते. मी चोरून वाचत होते. मी कार्डं जागेवर ठेवली, जुन्या ब्राउझरची साठवण या वेळी न वाचता पुसून टाकली, आणि खटावकरांकडे दुसऱ्या दिवशी पाककृतीची दोन पुस्तकं घरपोच पाठवली.

पुढच्या सोमवारची सभा कॉम्प्युटरसमोरच झाली. मास्तरांनी सुचवल्याप्रमाणे आदल्या दिवशी मी चाचणी घेतली होती. तिन्ही खिडक्यांना एकच प्रश्न विचारून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कोण काय बडबडतं ते पाहायचं. जुन्या ब्राउझरमध्ये मी वर्तमानपत्राचं पान उघडलं. बातमीच्या शेजारी मोठी जाहिरात आली. जयसिंगरावांनी ती अर्थातच वाचली.

"घनदाट केस, अवघ्या एकवीस दिवसांत." त्यांचा हात आपोआप टकलावर गेला. "याला कसं कळलं?"

"त्याला तुम्ही दिसत नाही, साहेब. काल मी टक्कल पडण्यावर उपाय विचारला होता."

"माझ्यासाठी?"

"चाचणीसाठी."

"दुसरा विषय नव्हता?"

मग तिसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं. बातमी होती, जाहिरात नव्हती. 'चौ' टाईप केलं. काही उमटलं नाही. 'ट' टाईप केलं. काही नाही. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "हा कामाचा माणूस आहे."

ब्राउझरचं नाव इंग्रजी होतं. ते तिघांनी तीन तऱ्हांनी उच्चारलं. शेवटी माणिकताई म्हणाल्या, "आपण त्याला विसरभोळा म्हणू," आणि तेच नाव पडलं. पण तो हवा तसा मांडता येतो हे मी सांगायला नको होतं. पुढचा पाऊण तास सभा तिथेच अडकली. माणिकताईंना पोपटी रंग हवा होता आणि कडेनं अबोली. जयसिंगरावांना पहिल्या पानावर संस्थापकांचं छायाचित्र हवं होतं, आणि त्याखाली थोडी जागा उरली तर विद्यमान अध्यक्षांचं. पोपटीवर अध्यक्षांचा कोट उठून दिसणार नाही असं माणिकताईंचं म्हणणं पडलं. जयसिंगरावांनी कोट बदलायची तयारी दाखवली. मी रंग लावत होते, काढत होते.

"मला एकच पाहिजे," मास्तर म्हणाले. "सगळं पुसायचं बटण वर आणि मोठं ठेव. म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय दिसेल असं."

मी ते ठेवलं. लाल. त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

"ठराव मंजूर," जयसिंगराव म्हणाले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता दुसरा विषय. बाई, माणूस सापडला?"

मी तयारी करून आले होते. सापडला नाही, असं म्हणायचं होतं. पण मला खोटं बोलायची सवय नव्हती आणि मी उगीच माऊस पुसायला लागले. जयसिंगरावांनी ते ओळखलं.

"सापडलाय! तुमच्या तोंडावर दिसतंय. नाव सांगा. हा संस्थेच्या शिस्तीचा प्रश्न आहे. नाहीतर नोंदवही आणा, मी स्वतः वाचतो."

त्यांनी वही वाचली असती तर ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली असती. नोंदवही माझ्या टेबलाच्या खणात होती. ते उठलेही.

"बसा, जयसिंगराव," मास्तर म्हणाले. "चौकशी माझी आहे."

जयसिंगराव अर्धवट उभे तसेच राहिले.

"तुमची?"

"माझी. वय माझं आहे. लग्नाचा विचारही माझाच आहे."

माणिकताईंनी तोंडावर पदर धरला. मी मास्तरांकडे बघतच राहिले. लहानपणापासून ते मला म्हातारेच दिसत आले होते. निवृत्त होऊनच दहा वर्षं झालेली, म्हणजे सत्तरीचे असणार. माझ्या आईची अब्रू राखायला या माणसानं सगळ्यांसमोर स्वतःला नवरदेव करून घेतलं होतं, आणि त्यासाठी आपलं वय सहा वर्षांनी कमी केलं होतं. मला भरून आलं.

"पण मास्तर," जयसिंगराव सावरून म्हणाले, "तुम्हाला माऊस धरता येत नाही. मागे तुम्ही तो कानाला लावला होता."

"येत नाही म्हणून काय झालं? तेहतीस वर्षं माणसं पत्रं लिहून घ्यायला माझ्या खिडकीशी यायची. अक्षर माझं असायचं. पत्र त्यांचंच असायचं."

"मग कुणाकडून लिहून घेतलंत?"

मास्तर वाकून विजारीची क्लिप सारखी करू लागले. खोटं त्यांना बोलता येईना हे मला स्पष्ट दिसलं. आता वेळ माझी होती.

"माझ्याकडून," मी म्हटलं.

मास्तरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकं आश्चर्य होतं, की जयसिंगराव जरा हुशार असते तर तिथेच सगळं फुटलं असतं.

"तुमच्याकडून? मग आठ दिवस शोधत काय होतात?"

"वाचकाचं गुपित होतं, साहेब. कसं सांगणार?"

जयसिंगराव खाली बसले. मास्तरांना समज द्यायची हिंमत गावात कुणाचीच नव्हती. थोड्या वेळानं ते खाकरले आणि म्हणाले, "अभिनंदन करायचं का मग?"

"अजून नको," मास्तर म्हणाले. "पुढच्या बाजूनं होकार यायचाय."

बाहेर मास्तर सायकलचं कुलूप काढत होते तिथे मी धावत गेले.

"मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू? माझ्या आईसाठी तुम्ही आज खोटं बोललात."

मास्तरांनी कुलूप खिशात टाकलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"वैजयंती," ते म्हणाले, "मी खोटं बोलत नाही." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

किती मोठा माणूस, असं वाटून मी तिथेच उभी राहिले. केलेला उपकार कबूलसुद्धा करत नाही!

मास्तरांचे पुढे फार हाल झाले. त्या आठवड्यात त्यांना चार स्थळं सांगून आली. एका बाईंचा भाऊ तर पत्रिका घेऊन वाचनालयात आला आणि काउंटरवर मलाच विचारू लागला, नवरदेवाला काही व्यसन वगैरे? मी सांगितलं, नियमांचं आहे. विसरभोळ्यावर मात्र लोक परत यायला लागले. आधी दोघं, मग पाच, मग पुन्हा नंबर. उठताना प्रत्येक जण ते लाल बटण दोन-दोनदा दाबायचा. एक दिवस जयसिंगराव सगळे गेल्यावर आले आणि दाराकडे बघत म्हणाले, "बाई, हा माझ्या घरच्या यंत्रावर पण टाकून द्या. का ते विचारू नका."

"नाही विचारत," मी म्हटलं. त्यांच्या डोक्याकडे न बघायचा मी आटोकाट प्रयत्न केला.

राहिली आई. ती अजून काही बोलत नव्हती. मी विचारलं तर ती दूधवाल्यावर जाणार हे मला कळून चुकलं होतं. त्या रविवारी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. ती सोऱ्या दाबत होती, मी खाली कापड ओढून धरलं होतं.

"आई, वाचनालयात नवा ब्राउझर बसवलाय. ऐकलंस?"

"मास्तर म्हणाले. त्याला म्हणे काही विचारलं तरी लगेच विसरतो."

"हो."

"मग त्याला विचारण्यात अर्थ काय?" आई म्हणाली. "उत्तर देणाऱ्यानं लक्षात ठेवायला नको का?"

मी कापड सोडलं. "मला विचार मग. मी लक्षात ठेवीन."

आई हात गोल फिरवायचं विसरली. सोऱ्यातून एक लांब शेव कापडावर नागमोडी पडत राहिली.

"लग्नाला मुलीची परवानगी लागते का गं?"

"कायद्यानं नाही लागत."

"आणि घरात?"

"घरात मुलाचं नाव सांगावं लागतं," मी म्हटलं. "आणि ते खटावकर असतील तर मी परवानगी देणार नाही, हे आधीच सांगते."

"खटावकर?" आईनं वर पाहिलं. "तो मिशावाला? वेड लागलंय का तुला? टिळेकर."

"कोण टिळेकर?"

"गावात टिळेकर किती आहेत?"

मी कुरडईच्या कापडावरच बसले. दोन कुरडया गेल्या.

"मास्तर? अगं पण ते तर सत्तरीचे..."

"चौसष्टचे आहेत. बायकोच्या आजारपणात सहा वर्षं आधीच नोकरी सोडली त्यांनी."

"पण सभेत ते तुझ्यासाठी खोटं बोलले ना? मी त्यांचे आभारसुद्धा मानले!"

"मला सांगितलं त्यांनी. फार ओशाळले होते." आई आता हसायला लागली होती. डोळे पुसत हसत होती, पीठ गालाला लागत होतं. "खोटं बोलायला येतं कुठे त्यांना? गुरुवारी यंत्रासमोर मी बसले, शेजारी ते. म्हणाले, माझं वय आहे तेवढंच लिहा, उगीच कमी नको. आणि वर नोंदवहीत नाव पण लिहायला लावलं. मी म्हटलं, अहो, वैजू बघेल. तर म्हणाले, नियम आहे."

"तो ढोकळाही त्यांनीच विचारायला लावला का?"

"तो माझा होता."

मग बराच वेळ आम्ही दोघींनी हसण्याशिवाय काही केलं नाही. हसू ओसरल्यावर आई हलकेच म्हणाली, "तू एकटी पडशील म्हणून मी वर्षभर त्यांना नाही म्हणत होते."

"दोन गल्ल्या पलीकडे तर घर आहे त्यांचं."

"तरी."

"आई, मी तेहतीस वर्षांची आहे. मला कुकर लावता येतो." मी तिच्या गालावरचं पीठ पुसलं. "आणि माझ्यासाठी नाही म्हणत राहिलीस, हे मला कधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार केलास?"

तिनं सोऱ्या पुन्हा हातात घेतला. मी कापड ताणून धरलं.

मे महिन्यात तालुक्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात लग्न झालं. माणिकताई पोपटी साडी नेसून आल्या होत्या. जयसिंगराव हार घेऊन आले आणि भिंतीवरच्या सगळ्या सूचना त्यांनी आम्हाला वाचून दाखवल्या. मास्तरांनी त्या दिवशी विजारीची क्लिप काढली होती. तिची खूण मात्र कापडावर तशीच होती. साक्षीदार तिघं लागत होते. तिसरी मी.

सही करताना समोरच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "तुमचं नातं?"

"मुलगी," मी म्हटलं.

"कुणाची? वराची की वधूची?"

आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं.

"आमची," मास्तर म्हणाले. "तसं लिहा."